एक लाखाचं डिपॉझिट आणि 7,707 रुपयांचं देणं

काकूंनी टेबलावर ठेवलेला कागद वहीतून फाडलेला होता, पण हिशेब नेटका होता. डावीकडे बाब, उजवीकडे रक्कम, तळाला दोन रेघा. यजमान बँकेत होते, त्यांच्याकडून उचललेली सवय. भाडेकरूचं डिपॉझिट 1,00,000 रुपये आणि त्यातून कापायच्या रकमांची बेरीज 1,07,707. म्हणजे डिपॉझिट परत द्यायचं राहिलं बाजूला, घर सोडून गेलेल्या त्या भाडेकरूकडूनच 7,707 रुपये येणं निघत होतं.

"तेवढी नोटीस पाठवा," काकू म्हणाल्या.

मी काकूंची वकील, पण मी नोटीस पाठवली नाही. का नाही पाठवली आणि हिशेब शेवटी कुठे येऊन थांबला, ते दोघांच्या संमतीने लिहिते आहे. ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

घर आणि करार

घर पुण्यात, कोथरूडला, दुसऱ्या मजल्यावर, टू बीएचके. यजमान गेल्यावर काकू नाशिकला मुलाकडे राहायला गेल्या आणि घर भाड्याने दिलं. भाडेकरू म्हणजे हिंजवडीत नोकरी करणारा तरुण, त्याची बायको आणि तेव्हा दीड वर्षाची मुलगी.

पहिला करार 1 जून 2021 पासून 11 महिन्यांचा. महिना 22,000 रुपये, डिपॉझिट एक लाख. एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी आला, नोंदणी तिथेच झाली. दुसरा करार 1 मे 2022 पासून, 23,100 रुपयांचा, तोही नोंदवलेला. तो 31 मार्च 2023 ला संपला. तेव्हा नेमकं सुनेचं बाळंतपण होतं, काकूंना पुण्याला येणं जमेना. त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं, "5 टक्के वाढवून चालू ठेवू या, 24,250 धर. मी आले की करार करू." उत्तर आलं, "ओके काकू."

तो "आले की" सात महिन्यांत आला नाही. या प्रकरणातली निम्मी गुंतागुंत त्या सात महिन्यांत आहे.

आपल्याकडे एक समज घट्ट बसलेला आहे, की 11 महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही. नोंदणी कायदा 1908 मध्ये वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणीची सक्ती आहे, त्यातून हा 11 चा आकडा आला. पण महाराष्ट्रात भाडे नियंत्रण कायदा 1999 लागू आहे (अंमल 31 मार्च 2000 पासून) आणि त्याचं कलम 55 मुदत बघतच नाही. भाडेपट्टा असो की लिव्ह अँड लायसन्स (म्हणजे भाडेकरूचे हक्क न देता घर ठरावीक मुदतीसाठी वापरायची नुसती परवानगी), तो लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. न नोंदवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. या शिक्षेची भीती कुणाला वाटत नाही, हे मलाही माहीत आहे. खरी मेख त्याच कलमात पुढे आहे. नोंदवलेला करार नसेल तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं आणि ते खोटं आहे हे दाखवायचं ओझं मालकावर येतं.

काकूंनी हे ओझं किती रुपयांसाठी उचललं तेही काढून पाहू. लिव्ह अँड लायसन्सवर मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या 0.25 टक्के, आणि परतीच्या डिपॉझिटवर वार्षिक 10 टक्के व्याज धरून ती रक्कमही त्या भाड्यात मिळवायची. 24,250 गुणिले 11 म्हणजे 2,66,750. एक लाखावरचं 11 महिन्यांचं व्याज 9,167. बेरजेचा पाव टक्का म्हणजे 690 रुपये. शहरी भागात नोंदणी फी 1,000. दोन हजारांच्या आतलं काम, वर एजंटचे जे काय असतील ते.

"बाळा" ते "आपणास कळविण्यात येते"

फोनमधलं सगळं संभाषण मी सुरुवातीपासून वाचलं. 2021 मध्ये काकू लिहितात, "बाळा, गॅसची नळी जुनी आहे, बदलून घे." 2022 च्या दिवाळीत मुलीचा फोटो, त्यावर "दृष्ट काढ रे तिची." फेब्रुवारी 2023 मध्ये पहिला खडा लागतो. वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर असलं की घरभाडे भत्त्याची करसवलत घेताना मालकाचा पॅन नंबर द्यावा लागतो. त्याच्या ऑफिसने तो मागितला, त्याने काकूंकडे मागितला आणि काकूंना वाटलं आता आयकरवाले दारात येणार. पॅन मिळायला तीन आठवडे लागले. तिथपासून "बाळा" गेला आणि "तुम्ही" आलं.

8 ऑक्टोबर 2023 ला त्याने कळवलं, की वाकडला स्वतःचा फ्लॅट झाला आहे, 31 ऑक्टोबरला घर सोडतो. 25 तारखेला काकू घर बघून गेल्या. 30 तारखेला त्यांचा मेसेज, बहुधा त्यांच्या मुलाने लिहून दिलेला: "आपणास कळविण्यात येते की, घराची दुरवस्था पाहता डिपॉझिटचा विचार दुरुस्तीनंतर करण्यात येईल."

31 ला त्याने सामान हलवलं, किल्ली मात्र दिली नाही. एक कपाट आणि मुलीची सायकल मुद्दाम आत ठेवली. त्याच दिवशी ईमेल पाठवला: बँक खात्याचा तपशील देतो आहे, रक्कम जमा झाली की त्याच तासाला किल्ली देतो. काकूंचं उत्तर: किल्ली मिळेपर्यंत दररोज दुप्पट भाडं लागेल.

किल्ली त्याच्याकडे राहिली ती 19 नोव्हेंबरपर्यंत. मधल्या काळात काकूंनी सोसायटीच्या वॉचमनला त्या घराचं पाणी बंद करायला सांगितलं होतं. हे त्यांनी मला सहज सांगितलं, जणू घराबाहेर पडताना दिवा बंद करावा तसं. मी तिथल्या तिथे त्यांना फोन करायला लावून तो निरोप परत घ्यायला लावला. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 29 प्रमाणे पाणी, वीज, जिन्यातला दिवा, लिफ्ट यांसारख्या अत्यावश्यक सेवा तोडणाऱ्या घरमालकाला शिक्षा होऊ शकते. "पण तो भाडेकरू कुठे, लायसेन्सी आहे," असं त्यांचा मुलगा फोनवर म्हणाला. बरोबर. पण चालू मुदतीचा कागद कुठे होता? उद्या त्याने न्यायालयात "मी भाडेकरूच आहे" अशी भूमिका घेतली असती, तर ती खोडून काढायचं काम कलम 55 ने आमच्याच गळ्यात टाकलेलं होतं.

कागदावरच्या सात ओळी

काकूंची यादी अशी होती. नोटिशीपोटी एक महिन्याचं भाडं 24,250. रंगकाम 38,000. साफसफाई 4,500. स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्या 6,000. वीजबिल 2,140. सोसायटीचं बिनभोगवटा शुल्क 2,100. आणि 19 नोव्हेंबरपर्यंत धरलेलं, 19 दिवसांचं दुप्पट भाडं 30,717.

वीजबिलावर बोलण्यासारखं काही नव्हतं. ऑक्टोबरचा वापर त्याचा, महावितरणचं बिल समोर. ते त्याने पहिल्याच भेटीत मान्य केलं.

बिनभोगवटा शुल्क, म्हणजे ज्याला सगळे नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस म्हणतात, ते घरात स्वतः न राहणाऱ्या सदस्याकडून सोसायटी घेते. सहकार खात्याच्या 1 ऑगस्ट 2001 च्या आदेशाने त्यावर सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांची मर्यादा आहे. काकूंच्या सोसायटीत ते महिना 300 होतं, नियमात बसणारं. पण ते भाडेकरूने भरायचं असं करारात कुठेही नव्हतं. दोन वर्षं काकूंनी स्वतःच भरलं होतं. भांडण झाल्यावर आठवलेली ही बाब. खोडली.

ट्रॉल्यांचंही तसंच. त्यातल्या दोन खरंच वाकलेल्या होत्या, मी फोटो पाहिले. पण करारासोबतच्या परिशिष्टात, जिथे पंखे किती, दिवे किती, कपाटं किती हे लिहायचं असतं, तिथे एजंटने टाकलं होतं "निरंक". कागदाप्रमाणे त्या घरात ट्रॉल्याच नव्हत्या! मग त्या 2021 मध्ये सरळ होत्या की वाकड्या, हे कोण सांगणार? लायसन्सच्या लेखी करारात जे लिहिलं आहे तो त्या गोष्टीचा निर्णायक पुरावा, असं भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 24 चं स्पष्टीकरण सांगतं. त्यावर मालकांचा मोठा भरवसा असतो. "निरंक" हासुद्धा त्याच कागदावरचा शब्द आहे, हे सोयीस्कर विसरलं जातं. काकू चिडल्या. "त्याला देवाची शपथ घालून विचारा." मी विचारलं. तो म्हणाला, एक आधीपासून वाकडी होती, दुसरीचं माहीत नाही. असो, ती ओळ गेली.

नोटिशीच्या ओळीवर मात्र दोघेही अर्धे बरोबर होते. करारात एक महिन्याच्या लेखी नोटिशीची अट होती. त्याने दिली 23 दिवसांची, तीही व्हॉट्सअ‍ॅपवर. तो म्हणे, करार मार्चमध्येच संपला, मग नोटीस कसली? मी त्याला एवढंच विचारलं, "करार संपला म्हणता, तर डिपॉझिट कशाच्या जोरावर मागता?" जुन्या कागदातली डिपॉझिटची अट जिवंत आणि नोटिशीची मेलेली, असं कसं चालेल? "चालू ठेवू या" या तीन शब्दांचा साधा अर्थ जुन्याच अटींवर, फक्त भाडं वाढवून, हाच होता. आणि काकूंचं "व्हॉट्सअ‍ॅप म्हणजे लेखी नव्हे" हेही टिकणारं नव्हतं, कारण भाडेवाढ त्यांनी तिथेच केली होती. (तेव्हा असे मेसेज न्यायालयात दाखल करायला पुरावा कायद्याच्या कलम 65ब चं प्रमाणपत्र लागे. 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम 63 आहे. प्रमाणपत्र तेव्हाही लागत होतं, आताही लागतं.)

पूर्ण महिन्याचं भाडं कापायला करारात आधार नव्हता. कमी पडले ते 1 ते 7 नोव्हेंबर हे सात दिवस. करारात दंडाची रक्कम लिहिलेली असती, तरी भारतीय करार कायदा 1872 चं कलम 74 सांगतं, की लिहिलेली रक्कम ही वरची मर्यादा आणि भरपाई वाजवी तेवढीच. सात दिवसांचे 5,658 रुपये झाले.

रंग

38,000 ची ओळ सगळ्यात मोठी, आणि तीन भेटींतला बहुतेक वेळ तिनेच खाल्ला.

काकूंना पक्कं आठवत होतं, की रंगकामाचा खर्च भाडेकरूने द्यायचा असं लिहिलेलं आहे. लिहिलेलं होतंच, पहिल्या करारात, शेवटच्या पानावर विशेष अट म्हणून. दुसऱ्या करारात ती अट नव्हती. एजंटने दुसऱ्या वेळी वेगळा साचा उचलला होता आणि दोन्ही पक्षांनी न वाचता अंगठे लावले होते. दुसऱ्या करारात होतं ते एवढंच: नेहमीच्या वापराने होणारी झीज सोडून घर मूळ स्थितीत परत करावं. मालमत्ता हस्तांतरण कायदा 1882 च्या कलम 108 मध्येही भाडेपट्ट्याच्या संदर्भात हेच तत्त्व आहे. घर होतं तसं परत द्या, पण वापराने जे झिजणारच त्याचा दोष भाडेकरूवर नाही.

झीज कुठे संपते आणि नुकसान कुठे सुरू होतं, हे कुठलाही कायदा भिंतीकडे बोट दाखवून सांगत नाही. केंद्र सरकारच्या आदर्श भाडेकरार कायद्याने (मंत्रिमंडळाची मंजुरी 2 जून 2021) प्रयत्न केला आहे. त्याच्या अनुसूचीत भिंतींची सफेदी, दारं-खिडक्यांचा रंग, गरज पडल्यास नळाचे पाइप बदलणं, विजेचं वायरिंग हे मालकाकडे. नळाचे वॉशर, मोरीची सफाई, बटणं-सॉकेटची दुरुस्ती, कुलपं-मुठी, खिडकीच्या काचा हे भाडेकरूकडे. राहत्या घराच्या डिपॉझिटवर दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादाही त्यात आहे. पण हा नमुना आहे, राज्याने स्वीकारल्याशिवाय तो कायदा होत नाही, आणि आमच्या प्रकरणाला महाराष्ट्राचाच 1999 चा कायदा लागू होता. त्यात लायसन्सच्या डिपॉझिटला कमाल मर्यादा नाही आणि ते किती दिवसांत परत करायचं हेही नाही. ते सगळं करारावर. तरीही वाटाघाटीत ती अनुसूची मी टेबलावर ठेवते. बंधन नसलं तरी भांडणाऱ्या दोघांखेरीज तिसऱ्या कुणीतरी शांत डोक्याने केलेली वाटणी म्हणून तिचा उपयोग होतो.

मग मी रंगाऱ्याला फोन केला. 38,000 हा पूर्ण घराचा आकडा होता, दोन हात आणि पुट्टी धरून. त्याला म्हटलं, खोलीवार फोड करून द्या. खरी माहिती त्या फोडीतून मिळाली. मोठ्या बेडरूमच्या एका भिंतीला खाली ओल होती. ती वरच्या मजल्यावरच्या बाथरूममधून येत होती आणि त्याबद्दल भाडेकरूने ऑगस्ट 2022 मध्येच फोटोसकट कळवलं होतं. ती भिंत त्याच्या खात्यात कशी टाकणार? हॉलमध्ये टीव्हीच्या भिंतीला ड्रिलची नऊ भोकं. ती त्याची, बुजवायला आणि वरून हात मारायला 1,200. लहान खोलीत मुलीने कमरेएवढ्या उंचीपर्यंत चारही भिंतींवर क्रेयॉनने सृष्टी उभी केली होती. हत्ती होता, बस होती, आणि एक बहुधा काकूच होत्या. त्या खोलीचे 9,500.

क्रेयॉन ही झीज नव्हे, हे मुलाने लगेच मान्य केलं. प्रश्न होता तो नव्या रंगाचे पूर्ण पैसे त्याने द्यायचे का. घर शेवटचं कधी रंगवलं होतं? काकूंच्याच फाइलमध्ये 2019 ची पावती निघाली. चार वर्षांच्या रंगाची किंमत कोऱ्या रंगाइतकी धरणं म्हणजे जुन्या साडीवर डाग पडला म्हणून नवी पैठणी मागणं. काटेकोर घसारा काढला असता तर निम्म्याहूनही कमी आलं असतं. पण रंगाखाली पुट्टीही खरवडावी लागणार होती, म्हणून मी निम्मं सुचवलं: 4,750. त्याने मान डोलावली. काकू गप्प राहिल्या, तो होकार धरला.

साफसफाईचे 4,500 हा नुसता कोटेशनचा आकडा होता, काम झालेलंच नव्हतं. घर झाडून दिलेलं होतं. चिमणी आणि ओट्यामागची फरशी चिकट होती. तेवढ्याचे 1,500 ठरले.

आणि काकूंच्या कागदावर नसलेली एक ओळ त्याच्या फोनमध्ये होती. जुलै 2022 मध्ये गीझरची कॉइल गेली, त्याने 1,850 रुपये भरून बदलली, बिल पाठवलं. काकूंचं उत्तर: "करून घे, नंतर बघू." हे "नंतर बघू" मी इतक्या प्रकरणांत वाचलं आहे, की आता ते दिसलं की पेन्सिलने रक्कमच लिहून ठेवते.

किल्ली

30,717 ची ओळ कायद्याने सगळ्यात धारदार होती आणि भाडेकरूला त्याची कल्पनाच नव्हती. त्याच्या मते किल्ली हे त्याचं तारण. मालकाकडे माझे लाख रुपये, माझ्याकडे त्याचं घर, फिटंफाट. मित्रांनी, ऑफिसातल्या लोकांनी सगळ्यांनी हेच सांगितलेलं: डिपॉझिट हातात पडल्याशिवाय किल्ली सोडू नकोस.

कलम 24 काय म्हणतं ते मी त्याला वाचून दाखवलं. राहण्यासाठी लायसन्सवर दिलेल्या घराची मुदत संपल्यावर ताबा दिला नाही, तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो आणि ताबा मिळेपर्यंत ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई मागू शकतो. तिथली कार्यपद्धतीही झटपट आहे. समन्स मिळाल्यापासून 30 दिवसांत प्रतिज्ञापत्र देऊन आधी बाजू मांडायची परवानगीच मागावी लागते. "डिपॉझिट मिळालं नाही म्हणून थांबलो" हे उत्तर चालायला करारात तशी अट लागते. काही करारांत असतेही, विशेषतः दुकानं-ऑफिसांच्या: रक्कम परत मिळेपर्यंत ताबा विनाशुल्क ठेवायचा, वर व्याज. या करारात ती नव्हती. दिवसाला 1,617 रुपयांचं मीटर अंगावर घेऊन तो आपण सुरक्षित आहोत असं समजत होता.

"मॅडम, तुम्ही काकूंच्या वकील. घाबरवायला सांगताय का?" त्याने विचारलं. प्रश्न योग्य होता. मी त्याला म्हटलं, मी त्यांचीच वकील आहे, तुमची नाही. हे कलम हव्या त्या वकिलाला दाखवा आणि मग या. तो दोन दिवसांनी आला. दाखवून आला होता हे चेहऱ्यावरून कळलं.

पण काकूंनाही मी तेवढंच सांगितलं होतं. मुदत संपल्याचा नोंदवलेला कागद आहे तो 31 मार्चचा. त्यानंतर सात महिने त्यांनी स्वतः वाढवून भाडं घेतलं. मग "मुदत" नक्की कधी संपली, यावरच आधी वाद होणार. शिवाय 31 ऑक्टोबरचा ईमेल त्याच्या बाजूने बोलतो: किल्ली द्यायला तयार आहे, खातं हे आहे. आणि पहिले सात दिवस नोटिशीच्या ओळीत आधीच मोजलेले होते. तेच दिवस दुसऱ्या ओळीत दुपटीने पुन्हा लावणं म्हणजे एका गावाचा दोनदा टोल. उरले 8 ते 19 नोव्हेंबर, 12 दिवस. एकेरी दराने 9,700.

इथे गाडं अडलं. काकू दुपटीवरून हलेनात, तो शून्यावरून हलेना.

खातं

तिसऱ्या भेटीला भाडेकरू निघून गेल्यावर काकू बसून राहिल्या. मी विचारलं, "काकू, समजा आज ऐंशी हजार द्यायचे ठरले. चेक लिहाल?"

त्या बराच वेळ पर्सची चेन उघडझाप करत राहिल्या. मग म्हणाल्या, खात्यात एकवीस हजार आहेत.

लाख रुपये 2021 मध्येच त्यांच्या मुलाच्या गाडीच्या डाउन पेमेंटला गेले होते. नवा भाडेकरू आला की त्याच्या डिपॉझिटमधून जुन्याचं फेडायचं, हा त्यांचा बेत होता. यात काकू वेगळ्या नाहीत, बहुतेक घरमालक असंच करतात. डिपॉझिट हे दुसऱ्याचं, सांभाळायला दिलेलं, असं कुणी खात्यात वेगळं ठेवत नाही. नवा भाडेकरू मिळाला नव्हता, कारण घराची किल्लीच नव्हती. किल्ली नव्हती, कारण पैसे नव्हते. आणि पैसे नाहीत हे तोंडाने सांगण्यापेक्षा भिंती खराब आहेत म्हणणं त्यांना सोपं गेलं. 30 ऑक्टोबरच्या त्या मेसेजमधलं "दुरवस्था" मला तेव्हा कळलं. ट्रॉल्या, बिनभोगवटा शुल्क, पूर्ण महिन्याचं भाडं, सगळ्या ओळी कशा जन्मल्या तेही. लाखाला पुरून उरेल अशी यादी हवी होती.

त्यांच्या परवानगीने मी त्याला फोन केला आणि सरळ सांगितलं. पलीकडे शांतता. मग तो म्हणाला, "हे आधी सांगितलं असतं तर मी थांबलो असतो ना." थांबला असता की नाही कोण जाणे. पण त्यानंतर घासाघीस दहा मिनिटांत संपली. 12 दिवसांचं एकेरी भाडं निम्मं-निम्मं, 4,850.

शेवटचा हिशेब

नोटिशीचे 5,658, किल्लीचे 4,850, वीज 2,140, भोकं 1,200, लहान खोली 4,750, सफाई 1,500. एकूण 20,098. त्यातून गीझरचे 1,850 वजा जाता 18,248. परत द्यायचे 81,752 रुपये.

एकरकमी देणं शक्य नव्हतं. ठरलं ते असं: 21,752 सही करताना, उरलेले 60,000 चे दोन पुढच्या तारखांचे चेक, 15 डिसेंबर आणि 15 जानेवारीचे. किल्ली लगेच, म्हणजे घर दाखवता येईल. त्याची जोखीम होती, हे मी त्याला सांगितलं. तोडगा आम्ही लेखी केला, दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार, सोबत ताबापावती आणि प्रत्येक खोलीचा त्या दिवशीचा व्हिडिओ. लोकअदालतीत दाखलपूर्व प्रकरण म्हणून नेण्याचा पर्याय मी दिला होता. कोर्ट फी लागत नाही, आणि तिथल्या निवाड्याला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचं बळ असतं, अपील नाही. चेक वटले नाहीत तर अशा निवाड्याचा त्याला मोठा आधार झाला असता. पण तारखेपर्यंत थांबायची दोघांचीही तयारी नव्हती. दोन्ही चेक वटले, दुसरा चार दिवस उशिरा, फोन करून सांगून.

सह्या 19 नोव्हेंबरला त्या घरातच झाल्या. कपाट आणि सायकल खाली टेम्पोत गेली होती. त्याने दोन किल्ल्या काकूंच्या हातात दिल्या, काकूंनी ताबापावतीवर "दोन किल्ल्या मिळाल्या" असं लिहून घेतलं. तेवढ्यात समोरच्या फ्लॅटमधल्या आजी दारात आल्या. सगळे जमलेत म्हणून बघायला आल्या होत्या. हातात या घराची तिसरी किल्ली होती, 2021 मध्ये काकूंनीच अडीअडचणीला म्हणून त्यांच्याकडे ठेवलेली. "ही तेवढी घेऊन जा गं, माझ्याकडे उगाच पडून आहे."

मुलाने माझ्याकडे बघितलं. किल्ली कुणाकडे होती यावर ताबा ठरत नाही, असं मी त्याला सांगू शकले असते, आणि ते खरंही आहे. पण त्याने विचारलं नाही. काकूंनी पावती परत मागून घेतली, "दोन" वर काट मारून "तीन" केलं आणि शेजारी सही केली.